वाफेची वाट

हजिऱ्याच्या हवेत मीठ आहे. तापी जिथे खंबायतच्या आखाताला मिळते, त्या मुखापाशी हा टापू येतो, सुरत शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. शेजारच्या सुवाळीच्या किनाऱ्यासमोर १६१२ साली थॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांची पोर्तुगीज आरमाराशी लढाई झाली. तीन वर्षांनी जहांगीरच्या दरबाराकडे निघालेला इंग्रज वकील टॉमस रो याच किनाऱ्यावर उतरला. १९८०च्या दशकापासून मात्र हजीरा म्हटले की गलबते आठवत नाहीत. आठवतात ते खताचे, पोलादाचे, वायूचे आणि रसायनांचे कारखाने. खाऱ्या वाऱ्यात लोखंड फार दिवस निरोगी राहत नाही, म्हणून गंज खरवडणे आणि पुन्हा रंग चढवणे हे तिथले बारमाही काम आहे. पाइपलाइनवरचा गंज कुणीतरी वहीत नोंदवतो, त्याची तारीख पडते, जबाबदार माणूस ठरलेला असतो.

या कारखान्यांतल्या कामगारांच्या आणि इंजिनिअरांच्या घरात न्हाणीघराच्या भिंतीत, छताच्या जरा खाली, एक सहा-आठ इंची एक्झॉस्ट फॅन फिरत असतो. त्याच्या पात्यांवर साबणाची वाफ, अंगाला लावायची पावडर, केस, धूळ आणि वाऱ्यातले मीठ यांचा थर बसतो. थर ओला असतो, म्हणून तो झटकून पडत नाही. बाहेरच्या झडपा चिकटतात, बुशमधले तेल सुकते, पंखा घरघरतो आणि एक दिवस नुसता गुणगुणत जागच्या जागी थांबतो. त्याआधी कित्येक महिने त्याने वाफ बाहेर टाकणे जवळपास सोडलेले असते. ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण वाफ डोळ्यांना झोंबत नाही.

न्हाणीघराच्या उबेचा आणि त्यातून निघणाऱ्या वाफ-धुराचा इतिहास पाहू लागले की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. जोवर धूर डोळ्यांतून पाणी काढत होता, तोवर माणसांनी त्याची वाट झाडून-पुसून मोकळी ठेवली. धूर गेला, विजेची आणि वायूची ऊब आली, आणि वाटेकडे वर मान करून पाहणे थांबले.

ही वाट शोधायला तापीच्या काठाकाठाने उलटे वर जावे लागते. आजचा खानदेश ओलांडला की बुऱ्हाणपूर लागते. मुघलांच्या दक्खन कारभाराचे हे मोठे ठाणे. शाहजहानची बेगम मुमताज महल १६३१च्या जूनमध्ये इथेच बाळंतपणात वारली. नदीकाठच्या शाही किल्ल्यात आजही हमामाच्या, म्हणजे स्नानगृहाच्या, खोल्या आणि त्यांच्या छतांवरची रंगीत नक्षी पाहायला मिळते. शहराला पाणी पुरवणारी कुंडी भंडाऱ्याची भुयारी योजना अब्दुर्रहीम खानखानानच्या काळातली, १६१५ची. डोंगरातले पाणी जमिनीखालून शहरात आणणाऱ्यांना ते तापवून अंगावर घेण्याची कलाही अवगत असावी यात नवल नाही.

हमामाची रचना पाहिली तर त्यात दोन कामे किती विचारपूर्वक वेगळी केलेली होती हे कळते. भट्टी खोलीबाहेर. तिच्यावर पाण्याचे तापते भांडे. भट्टीतला गरम धूर फरशीखालच्या पोकळीतून आणि भिंतींमधल्या नळ्यांतून फिरवून मग वर सोडलेला. स्नान करणाऱ्याला ऊब मिळे, धूर मिळत नसे. घुमटाला लहान लहान छिद्रे ठेवून त्यांतून उजेड घेतलेला. देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यातला शाही हमाम बघणाऱ्याला गरम आणि गार पाण्याच्या त्या खोल्यांची कल्पना येते. सतराव्या शतकात सुरतेला आलेल्या इंग्रजांना या हमामांचे मोठे अप्रूप वाटे. जॉन फ्रायर या डॉक्टरच्या प्रवासवर्णनात ते येतात आणि खुद्द लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनला हमामाच्याच नावाचे एक स्नानगृह निघाले होते.

या सगळ्या वर्णनांत बादशहा आहे, बेगम आहे, प्रवासी आहे. फरशीखालची काजळी काढणारा माणूस नाही. पण तो होता, असलाच पाहिजे. लाकडाच्या धुराने नळ्या आतून भरत जातात आणि नळी बुजली की धूर उलटा फिरून भट्टीच्या तोंडातून बाहेर येतो. पाण्याच्या भांड्यात क्षार साचतात, तेही खरवडावे लागतात. बादशाही हमाम चार दिवस राबवायचा तरी राख उपसणारा, लाकूड फोडणारा, नळ्या झाडणारा असा ताफा लागतो. त्या लोकांच्या हातांवर हमाम उभा होता.

सामान्य माणसाच्या घरात एवढा सरंजाम कुठला? खानदेशातले धाब्याचे घर घ्या. जाड मातीच्या भिंती, वर मातीचेच सपाट छत आणि त्या छताला एक भोक : साणे. स्वयंपाकाचा धूर त्यातून जाई, उजेड त्यातून येई, आणि पाऊस आला की वर चढून त्यावर झाकण घालावे लागे. न्हाणी मात्र घरात नसे. परसात एक दगड, तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा, तिथेच तीन धोंड्यांवर किंवा चुलाण्यावर पाण्याचा हंडा. थंडीत जळगाव-धुळ्याकडचा पारा चांगलाच उतरतो. अशा पहाटे चुलाण्याजवळ बसून अंग शेकणे हाच त्या न्हाणीघराचा ‘हीटर’. वाफ आणि धूर उघड्या आभाळात जात, त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागत नसे.

करावी लागे ती भांड्याची सोय. हंड्याच्या बुडाला चुलीवर चढवण्याआधी माती आणि राखेचे लेवण देत. काजळी तांब्यावर न बसता लेवणावर बसे आणि संध्याकाळी घासताना त्याच्यासकट निघून येई. देखभालीचे हे शास्त्र कुठल्या पुस्तकातून आलेले नव्हते. सून आली की सासूने दाखवायचे आणि तिने पुढे चालवायचे. मळ बसण्याआधीच त्याला बसायला दुसरी जागा देणे, यामागचा विचार फार पक्का आहे. आजचे न्हाणीघर बांधणारे इतका विचार क्वचित करतात.

मग बंब आला आणि मराठी घराला त्याचे खरे न्हाणीघराचे यंत्र मिळाले. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत हे बंब घडत. पेशवाईत कोकणातून पुण्याला आलेली तांबट मंडळी आधी दरबारासाठी काम करीत. पुढे घरोघरच्या हंड्या-घंगाळांवर आणि बंबांवर त्यांचा चरितार्थ चालला. तांब्याच्या पत्र्यावर मठारणीचे एकसारखे ठोके बसले की पत्रा कडक होतो आणि चमकतो. त्या ठोक्यांची खूण जुन्या बंबाच्या पोटावर अजून दिसते.

बंबाची रचना साधी आणि अतिशय हुशार आहे. बाहेरून तो एक उभा गोल पिंप. मधोमध वरपासून खालपर्यंत आरपार गेलेली नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेला जागा. नळीत वरून ढलप्या, करवंट्या, कोळसा टाकायचा. पेटला की तापलेली हवा नळीतून वर चढते, जाळीखालून गार हवा आत ओढली जाते आणि विस्तव स्वतःच फुलतो. नळीभोवती सगळीकडून पाणी, म्हणजे उष्णता वाया जायला वाव कमी. बंबात टाकायच्या बारीक लाकडाला वेगळे नाव होते, बंबफोड, आणि वखारीतून ती वेगळी मागवली जाई. तोटीतून कढत पाणी घंगाळात काढायचे, त्यात विसण घालायचे, झाले.

हे यंत्र चालवायचे तर रोज हात काळे करावे लागत. आदल्या दिवशीची राख काढल्याशिवाय जाळीखालून हवा खेळत नसे आणि हवा खेळली नाही तर बंब पेटत नसे, नुसता धुमसे. म्हणजे सफाई टाळणाऱ्याला शिक्षा त्याच सकाळी, गार पाण्याने. नळीच्या आतली काजळी काठीला फडके गुंडाळून काढत. आतून क्षारांचा पांढरा थर धरे, तो अधूनमधून खरवडत. बाहेरून चिंच आणि राख. पुढे बाजारात पावडरी आल्या तरी दिवाळीच्या आधी बंब चिंचेने घासून उन्हात ठेवणे अनेक घरांत चालू राहिले, कारण नरकचतुर्दशीच्या पहाटे सगळ्या घराचे अभ्यंगस्नान त्याच्या भरवशावर होते. काढलेली राखही फुकट जात नसे. तीच भांडी घासायला जाई.

या कामाचे गोडवे गाताना ते कुणाच्या वाट्याला होते हे विसरणे बरे नव्हे. भल्या पहाटे उठून बंब पेटवणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असे, किंवा वाड्यातला गडी. धूर तिच्या डोळ्यांत, राख तिच्या नखांत. गॅस आणि वीज आल्यावर बंब माळ्यावर गेला याचे तिला दुःख झाले असेल असे मानण्याचे कारण नाही.

बंब ठेवायचा तो न्हाणीघरात किंवा त्याच्या दाराशी. तरी घरातली माणसे गुदमरत नसत, कारण वर कौले होती. कौलांच्या फटीफटीतून धूर आणि वाफ आपोआप झिरपून जाई. अख्खे छप्परच एक जाळी होते. ते छप्पर जाऊन सिमेंटचा स्लॅब आला तेव्हा ही वाट बंद झाली, आणि तिच्या जागी काय करायचे हा प्रश्न पहिल्यांदा शहरांपुढे आला.

मुंबईत हवेचा प्रश्न त्याही आधी आला, तोही प्लेगच्या रूपाने. १८९६मध्ये मांडवी भागात गाठीचा ताप सुरू झाला आणि दोन वर्षांनी, १८९८मध्ये, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट, अंधाऱ्या, पाठीला पाठ लावून उभ्या चाळी हे रोगाचे घर आहे असे त्या काळचे निदान होते. प्लेग प्रत्यक्षात उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे पुढे सिद्ध झाले, तरी उजेड आणि वारा यांचा आग्रह टिकला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तर त्याचा ध्यास घेतला होता. त्यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम प्रसिद्ध आहे : खोलीच्या खिडकीसमोर एवढी जागा मोकळी हवी की तेवढ्या कोनातून आकाश दिसावे. सोप्या हिशेबात, समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी रुंदी रिकामी. मुंबईसारख्या शहरात जमिनीचा एक एक वार पैशात मोजणाऱ्या मालकांना हे किती झोंबले असेल!

चाळीत स्नानासाठी खोलीतली मोरी असे, कोपऱ्यात चार विटांचा कठडा घातलेली. १९२०-३० नंतर दादर, माटुंगा, शिवाजी पार्क परिसरात मध्यमवर्गासाठी ब्लॉक उभे राहू लागले आणि संडास-न्हाणीघर पहिल्यांदा घराच्या आत, दाराच्या आड गेले. हा बदल साधा नव्हता. परसात, सोवळ्या-ओवळ्याच्या हिशेबाने घरापासून दूर ठेवलेली जागा आता स्वयंपाकघराला भिंत लावून आली. बाहेरच्या हवेसाठी मग इमारतीच्या पोटात उभी पोकळी ठेवली गेली. तिला लोक आज ‘डक्ट’ म्हणतात. न्हाणीघराची एक तरी भिंत बाहेरच्या हवेला किंवा अशा पोकळीला लागलेली असावी, तिला झरोका असावा, हा बांधकामाच्या नियमांचा भाग बनला. इमारती उंच आणि डक्ट अरुंद होत गेले तसा नुसता झरोका पुरेना.

पंख्याने घाण हवा बाहेर ओढायची कल्पना मात्र खूप जुनी आहे. १७३०च्या दशकात लंडनच्या पार्लमेंटमध्ये जॉन डेसाग्युलिए या शास्त्रज्ञाने सात फूट व्यासाचे एक चक्र बसवले. सभागृहातली कोंदट हवा ते ओढून घेई आणि ते हाताने फिरवायला एक माणूस नेमलेला होता. आपल्याकडे कचेऱ्यांत पंखेवाले दोरी ओढत, पण तो पंखा हवा फक्त हलवी, बाहेर काढीत नसे. विजेवर चालणारा, खिडकीच्या काचेत बसणारा छोटा पंखा इंग्लंडमध्ये जे. सी. अकेस्टर यांनी १९३६ साली आणला. व्हेंट-ॲक्सिया हे त्याचे नाव. भारतात अशा पंख्यांसाठी १९६०च्या दशकात आयएस २३१२ हे मानक ठरले. तोवर ते कारखान्यात, सिनेमा थिएटरात आणि हॉटेलांच्या भटारखान्यात दिसत. घरगुती न्हाणीघरात ते सर्रास आले ते फ्लॅट-संस्कृती स्थिरावल्यावर.

पंख्याआधी घरात गीझर आला होता, आणि त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. १८६८मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉन नावाच्या रंगकाम करणाऱ्या कारागिराने वायूवर पाणी तापवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पाणी चटकन तापे. पण जळालेला वायू बाहेर नेणारी नळीच त्याला नव्हती! सगळा वायू त्याच खोलीत सुटे. बंब घडवणारा तांबट ज्या नळीभोवती सगळे यंत्र रचत होता, ती नळी या शोधात राहून गेली आणि पुढच्यांना ती जोडावी लागली.

ही चूक इतिहासजमा झालेली नाही. हे सांगताना पुन्हा हजिऱ्याला यावे लागते.

मुंबई हायचा तेलसाठा १९७४मध्ये सापडला. दोन वर्षांनी वसईसमोरच्या समुद्रात नैसर्गिक वायूचे मोठे क्षेत्र सापडले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरचा हा वायू समुद्रतळावरच्या दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या वाहिनीने हजिऱ्याला आणला गेला. त्यात विषारी हायड्रोजन सल्फाइड असते, ते हजिऱ्याच्या ओएनजीसीच्या प्रकल्पात वेगळे काढतात. तिथून हजीरा-विजयपूर-जगदीशपूर ही वाहिनी उत्तर भारतात गेली. तिच्यासाठीच १९८४मध्ये ‘गेल’ ही सरकारी कंपनी निघाली. हजिऱ्याचा क्रिभकोचा युरिया याच वायूवर. आणि १९९०च्या दशकात सुरतेच्या घरांतही नळाने वायू येऊ लागला. स्वयंपाक झालाच, शिवाय पाणी तापवायला गॅस गीझर. विजेपेक्षा स्वस्त, झटपट, टाकी नको. गुजरातेत आणि महाराष्ट्रात तो पटकन रुजला.

वायू नीट जळायला भरपूर प्राणवायू लागतो. बंद न्हाणीघरात तो संपत जातो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना लागत नाही. माणसाला थोडे गरगरते, हातपाय गळतात, आणि दाराची कडी काढण्याइतकी शक्ती उरत नाही. भारतातल्या डॉक्टरांनी या प्रकाराला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नाव देऊन वैद्यकीय नियतकालिकांत त्याची नोंद केली आहे. दर हिवाळ्यात मुंबई, पुणे, गुजरातमधून अशा मृत्यूंच्या बातम्या येतात आणि त्यांत तरुण माणसे असतात. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा, ही सूचना त्याच्या खोक्यावर असते. तरी तो आत बसतो, कारण आत खिळा ठोकायला भिंत रिकामी असते.

एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे भागले, हा समजही घातक आहे. पंखा हवा बाहेर टाकतो तेव्हा तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. दार घट्ट, खिडकी बंद, दाराखालच्या फटीला टॉवेल लावलेला, अशा खोलीत पंखा कासावीस होतो आणि गीझरच्या धुराची नळी असलीच तर तिच्यातूनही हवा उलटी ओढू शकतो. बंबाच्या जाळीखालची राख काढणाऱ्या बाईला हे ठाऊक होते : वर जायचे तर खालून आत यायला वाट हवी.

न्हाणीघरात ऊब आणायचा आणखी एक मार्ग म्हणजे इन्फ्रारेड दिवे. सुरत-हजिऱ्याकडे ते लावण्याचा प्रश्न येत नाही. तिथला हिवाळा तेवढा कडक नसतो. इन्फ्रारेड दिवा मराठी माणसाला माहीत असतो तो कंबरदुखीच्या शेकामुळे. हर्शेलने १८००मध्ये सूर्यप्रकाशातल्या तांबड्यापलीकडच्या किरणांची उष्णता मोजली, आणि १९३०च्या दशकात अमेरिकेत मोटारींचा रंग वाळवायला असे दिवे वापरात आले. तिथून ते दवाखान्यात गेले आणि कोंबड्यांच्या शेडमध्येही. सुरत-भुसावळ लोहमार्गावर, अर्धे स्थानक गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात असलेले नवापूर हा कुक्कुटपालनाचा पट्टा. एका दिवसाच्या पिलाला स्वतःची ऊब राखता येत नाही, म्हणून अशा शेडमध्ये पहिले काही दिवस दिव्यांची ऊब देण्याची रीत आहे.

न्हाणीघराच्या छतात हे दिवे पाहायचे तर ऑस्ट्रेलियात जावे लागते. मेलबर्न-सिडनीला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तिथल्या घरात ‘टास्टिक’ नावाचा छतातला संच भेटतो : चार मोठे दिवे, प्रत्येकी २७५ वॅटचा, मध्ये साधा प्रकाशाचा दिवा आणि त्याच चौकटीत एक्झॉस्ट फॅन. दिव्यांची उष्णता हवा तापण्याची वाट पाहत नाही, थेट अंगावर येते. पुण्याच्या थंडीत बंबाच्या पोटाशी हात धरणाऱ्याला ही ऊब ओळखीची वाटेल. त्याची निगा मात्र वेगळी. तापलेल्या काचेवर ओले फडके फिरवले तर काच तडकू शकते, म्हणून मेन स्विच बंद करून, दिवे पूर्ण गार झाल्यावर, कोरड्या मऊ कापडाने पुसायचे. दिव्यांभोवतीची धूळ काढायची, कारण ती रोज तापत राहते. आणि जाळीमागचा पंखा विसरायचा नाही, कारण दिव्यांनी तापवलेली ओली हवा त्यालाच वाहायची असते.

वाफेचे गणित हट्टी आहे. तीस अंशांच्या एका घनमीटर हवेत साधारण तीस ग्रॅम बाष्प मावते, वीस अंशांत सतराच्या आसपास. उरलेले पाणी होऊन जिथे गार पृष्ठभाग सापडेल तिथे बसते : आरशावर, छताच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीत. मग बुरशीचे काळे ठिपके, रंगाचे पोपडे, फुगलेले दार. तासाभरात न्हाणीघरातली हवा सहा ते दहा वेळा बदलावी असा बांधकामशास्त्राचा ठोकताळा आहे. दहा घनमीटरच्या नेहमीच्या न्हाणीघराला सहा इंची पंखासुद्धा पुरतो, तो स्वच्छ असेल तर. आषाढ-श्रावणात किनारपट्टीवर बाहेरची हवाच ओली असते, म्हणून तिथे अंघोळीनंतरही पंखा बराच वेळ चालू ठेवावा लागतो. वीज वाचवायला दाराबाहेर पडता पडता बटण बंद करण्याची सवय इथे महाग पडते.

हा पंखा साफ करणारा कारागीर सुरतेत बऱ्याचदा मराठी, त्यातही अहिराणी बोलणारा भेटतो. विसाव्या शतकाच्या तोंडावर तापी खोऱ्यातून रेल्वे धावू लागली आणि खानदेशाला सुरत जवळ आली. माग, गिरण्या, पुढे हजिऱ्याचे कारखाने यांच्या ओढीने जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे लिंबायत, उधना, पांडेसरा भागात वसली. वायरमन, प्लंबर, फिटर ही त्यांच्यातल्या अनेकांची कामे. दिवाळीच्या आधी त्यांना उसंत नसते. एमसीबी पाडायचा, शिडी लावायची, जाळी उतरवून साबणाच्या कोमट पाण्यात टाकायची, पात्यांवरचा थर आधी कोरड्या ब्रशने आणि मग पिळलेल्या फडक्याने काढायचा. मोटारीला पाणी लागू द्यायचे नाही. जुन्या लोखंडी पंख्याला तेलाचे भोक असते, त्यात दोन थेंब. मागच्या झडपा बोटाने उघडून पाहायच्या. खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू पुन्हा हाती लागत नाहीत, म्हणून जाणते लोक स्टेनलेस स्टीलचे घालतात. शेवटी जाळीशी कागदाचा तुकडा धरायचा. चिकटून राहिला तर पंखा ओढतो आहे.

कागद चिकटला नाही आणि पंखा तर स्वच्छ, असेही होते. तेव्हा गडबड डक्टमध्ये असते. कबुतरांची घरटी, विष्ठा, वरच्या मजल्यावरून पडलेले कपडे, कधीकाळच्या दुरुस्तीचा राडारोडा. पंखा घरमालकाचा, पण डक्ट सगळ्यांचा, म्हणजे व्यवहारात कुणाचाच नाही. बंबाची राख कुणी काढायची हे घरात ठरलेले असे. डक्टचे तसे ठरलेले नसते.

सफाई कुणी करायची हे सुरतेने ठरवून दाखवलेले आहे, शहराच्या पातळीवर. १९९४च्या सप्टेंबरात प्लेगच्या बातमीने लाखो माणसे शहर सोडून पळाली. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांनी महापालिकेच्या अधिकाऱ्यांना वातानुकूलित दालनातून रोज रस्त्यावर उतरवले, विभागवार जबाबदारी वाटली, रात्रीची झाडलोट सुरू केली. देशातल्या घाणेरड्या शहरांत गणली जाणारी सुरत काही वर्षांत स्वच्छ शहरांच्या यादीत गेली. यंत्रसामग्रीपेक्षा तिथे नेमून दिलेली माणसे आणि रोजची पाहणी यांनी काम केले.

सोसायट्यांच्या पावसाळ्यापूर्वीच्या कामांच्या यादीत गच्चीची डागडुजी, गटारे आणि पाण्याची टाकी असते. डक्टची सफाई तिथे लिहायला एक ओळ लागते, तळाशी उतरायला एक दार, वर कबुतरांसाठी जाळी आणि कामाला सुरक्षापट्टा बांधलेली दोन माणसे. त्यांना मजुरी ठरवून द्यावी लागते आणि त्या दिवशी सगळ्या मजल्यांवरच्या पंख्यांचे बटण बंद ठेवावे लागते. गॅस गीझर आत बसवलेली घरे त्याच फेरीत नोंदवून घेता येतात.